पाण्याचा हिशेब आणि पोरीची पावलं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापलाय, 'शाळेतली मुलं आणि पाण्याचा पाऊलठसा'. सकाळी चहा घेताना दोघीतिघींनी विचारलं, "म्हणजे पाणी वाचवा, असंच सांगणार ना?" नाही, तसं सांगणार नाही. परभणी तालुक्यातल्या पेडगावला आम्ही मुलांबरोबर जानेवारी ते मार्च असे तीन महिने एक काम केलं. त्यात माझं काय चुकलं आणि मुलांनी ते कसं दुरुस्त केलं, हे सांगायला मी उभी आहे.

पेडगाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी परभणी-मनमाड गाडीतून जाताना पाहिलं असेल. आसपास काळी जमीन. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. किशोरी गटाच्या निमित्तानं माझं तिथे जाणं-येणं असतं. समाजकार्याच्या एम. ए.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण आता नेदरलँडमध्ये राहते, तिथल्या एका शाळेत मदतनीस म्हणून जाते. तिनं सुचवलं, तिकडची मुलं आणि इकडची मुलं मिळून पाण्याचा हिशेब करू या. आपले दुपारचे तीन म्हणजे तिकडे सकाळचे साडेदहा. दोन्हीकडे शाळेचीच वेळ. एक मोबाइल, एक उसना प्रोजेक्टर, आणि दुभाषी म्हणून माझी मैत्रीण, एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली.

हे आपल्याकडे अगदीच नवं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून बोलतं केलं होतं. तेव्हा खेड्यातल्या शाळेला हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये.

आता हा पाऊलठसा म्हणजे काय? आपण पाणी पितो, वापरतो, ते डोळ्यांना दिसतं. पण अंगातला सदरा, ताटातली भाकरी, चहातली साखर तयार व्हायला जे पाणी लागलं ते दिसत नाही. १९९३ च्या सुमारास टोनी ॲलन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं याला 'आभासी पाणी' म्हटलं. धान्य एका देशातून दुसऱ्या देशात गेलं, की ते पिकवायला लागलेलं पाणीही गेलं, असा त्याचा विचार. २००२ साली नेदरलँडमधल्या आर्येन हूकस्ट्रा यांनी त्याचं मोजमाप मांडलं आणि त्याला 'वॉटर फूटप्रिंट' म्हटलं. त्यांच्या हिशेबानं जगात सरासरी एक किलो कापसाच्या कापडामागे दहा हजार लिटर पाणी लागतं. एका साध्या टी-शर्टमागे अडीच हजार लिटर.

अडीच हजार लिटर म्हणजे किती, हे आमच्या मुलांना कळेना. मग आम्ही हंडा मोजला. पंधरा लिटरचा निघाला. अडीच हजाराला पंधरानं भागलं, तर १६६ हंडे भरून वर थोडं उरतं. "एका सदऱ्यात १६६ हंडे!" सगळा वर्ग आपापल्या सदऱ्याकडे बघायला लागला. मी खूश. धडा जमला, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी जागतिक सरासरीचा तक्ता फळ्यावर लिहिला. किलोमागे गहू १,८०० लिटर, तांदूळ २,५००, उसाची साखर १,८००, ज्वारी ३,०००. सातवीतला एक मुलगा उभा राहिला. "ताई, मग भाकरीपेक्षा साखर बरी की!"

मी गप्प झाले. तक्ता तर तसंच सांगत होता. घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा चूक कळली. हूकस्ट्रांच्या मांडणीत पाण्याचे तीन रंग आहेत. जमिनीत मुरलेला पाऊस, जो पीक परस्पर घेतं, ते हिरवं पाणी. नदी, विहीर, बोअर, कालवा यांतून उचललेलं ते निळं. आणि केलेली घाण सुरक्षित पातळीपर्यंत पातळ व्हायला जे लागेल ते करडं. मी तिन्ही रंग एकाच हंड्यात ओतले होते.

आपली रब्बी ज्वारी पावसाळा संपल्यावर काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. 'परभणी मोती' हे आपल्याच कृषी विद्यापीठाचं वाण त्यातलंच. ती पितं ते बहुतेक हिरवं पाणी. त्या ओलीवर ज्वारी घेतली नाही, म्हणून ती काही कुणाच्या हंड्यात येणार नव्हती. ऊस मात्र आपल्याकडे विहिरीवर, बोअरवर, कालव्यावर उभा असतो. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत जेमतेम चार टक्के असलेला ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, असं केंद्र सरकारच्याच कृषिमूल्य आयोगानं सांगितलंय. आपला कोरडवाहू कापूसही बहुतांशी पावसावरचाच. म्हणजे ते १६६ हंडे कुणाच्या आडातून उपसलेले नव्हते. पुढच्या तासाला मी मुलांसमोर चूक कबूल केली आणि तक्ता पुसून रंगीत खडूंनी परत लिहिला. तुमच्यापैकी कुणी शाळेत हा विषय घेणार असेल, तर आधी रंग सांगा, आकडे मागाहून. नाहीतर पोरांच्या मनात गरिबाची भाकरी गुन्हेगार ठरते.

दुसरी अडचण प्रश्नावलीची. हिशेब करायला तिकडून तयार प्रश्न आले होते. शॉवर किती मिनिटं घेता? कपडे धुण्याचं यंत्र आठवड्यातून कितीदा लावता? बागेला नळीनं पाणी देता का? मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मग ठरलं, आपले प्रश्न आपण करू. घरात रोज किती हंडे येतात? कुठून? कोण आणतं? कशावरून आणतं?

या शेवटच्या दोन प्रश्नांनी आमच्या कामाची दिशाच बदलली. 'कोण आणतं' याच्यापुढे आई, मी, ताई, आजी, वहिनी. कधीमधी भाऊ किंवा बाबा. आणि भाऊ किंवा बाबा आले, की 'कशावरून' याच्यापुढे सायकल, मोटारसायकल, बैलगाडी. बाईच्या नावापुढे मात्र डोकं. पुरुषानं पाणी आणायचं म्हटलं की घरातलं वाहन मोकळं होतं, हे मी इतकी वर्षं बघत होते. पण कागदावर एकाखाली एक आल्यावर मुलांनाच ते खटकलं.

आठवीतली एक मुलगी. नाव सांगत नाही. गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर राहते. गणितात हुशार. पाऊलठसा हा शब्द तिनं शब्दशः घेतला आणि पावलंच मोजून आणली. घरापासून मोटारीच्या विहिरीपर्यंत ६४० पावलं. जाऊन-येऊन १,२८०. दिवसाला सहा खेपा. एकूण ७,६८० पावलं, त्यातली निम्मी डोक्यावर पंधरा लिटर घेऊन. घरात पाच माणसं. सहा हंडे म्हणजे नव्वद लिटर, माणशी अठरा. जलजीवन मिशननं २०१९ साली खेड्यातल्या घरासाठी धरलेलं प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. तिकडच्या मुलांच्या घरी माणशी सव्वाशेच्या आसपास, आणि त्यासाठी चालावी लागणारी पावलं शून्य.

तिची वही मी तिकडे पाठवली. तिथल्या मुलांनी आपलाही हिशेब पाठवला होता. त्यांच्या वापरात चॉकलेट, मांस, कॉफी, सुती कपडे. किलोभर चॉकलेटला सतरा हजार लिटर, किलोभर गोमांसाला पंधरा हजार. त्यांच्या देशाच्या पाऊलठशातला जवळजवळ ९५ टक्के भाग देशाबाहेरच्या पाण्याचा असतो, कापूस-कोको पिकवणाऱ्या मुलखांतल्या पाण्याचा. त्यांच्याच अभ्यासकांनी काढलेला हा आकडा. आमच्या मुलांना गंमत वाटली ती वेगळीच. त्या देशाचा पाव भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथे पाणी आणायचं नसतं, उपसून बाहेर काढायचं असतं! आणि ते काम बघायला शेकडो वर्षांपासून पाण्याची मंडळं आहेत, त्यांच्या निवडणुका होतात.

मार्चमध्ये दुसऱ्यांदा बोलायचं ठरलं. पावलं मोजणारी मुलगीच आपला हिशेब वाचणार होती. तीन वाजले, पडद्यावर तिकडची मुलं दिसायला लागली, आणि ही आलीच नाही. त्या आठवड्यात तिच्या शिवारातली मोटारीची लाईट दुपारची होती. लाईट असेल तेव्हाच पाणी. आई दुसऱ्याच्या शेतात ज्वारी काढायला गेलेली. तेव्हा पाणी भरायला घरी थांबणार कोण? हीच.

तिचा हिशेब तिच्या मैत्रिणीनं वाचला. तिकडच्या एका मुलानं विचारलं, "हे मोजणारी मुलगी कुठली? तिला हात वर करायला सांगा." मी सांगितलं, "ती पाणी भरतेय." माझ्या मैत्रिणीनं भाषांतर केलं. तिकडे काही वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीनं विचारलं, "मग तिचा भाऊ कुठे आहे?"

भाऊ वर्गातच बसला होता. सहावीत. तो खाली बघायला लागला.

मैत्रिणींनो, त्या पोराला लाज वाटावी म्हणून मी हे सांगत नाही. त्याला पाणी भर असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी वस्तीवर गेले तेव्हा आई म्हणाली, "पोराच्या डोक्यावर हंडा दिला तर लोक हसतील, ताई." मी म्हटलं, डोक्यावर नको, सायकलला लावा. पोरगा आठ दिवस सायकलवरून पाणी आणत होता. मग परीक्षा आली आणि ते थांबलं. परीक्षा दोघांचीही होती. मी त्या घरी अजून जाते. हे प्रकरण संपलेलं नाही.

लिटर मोजणारे हिशेब लिटरच मोजतात. २०१९ सालच्या सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बाया दिवसाला २९९ मिनिटं घरातलं बिनमोबदल्याचं काम करतात असं दिसलं, पुरुष ९७ मिनिटं. साखरेच्या पाऊलठशात उसाचं पाणी येतं, उसाच्या फडातली बाई येत नाही. २०१९ मध्येच बीड जिल्ह्यात शासकीय समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा ठसा कुठल्या रंगात धरायचा? म्हणून पाऊलठशाच्या तक्त्यात एक रकाना आपण वाढवायचा आहे: हे पाणी कुणाच्या अंगावरून आलं?

आणि आणखी एक रकाना. या पाण्याचं ठरवलं कुणी? कालव्यावरच्या पाणी वापर संस्थेचं सभासदत्व जमिनीला बांधलेलं असतं, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचितच. पण दुसरं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७४ पासून पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. आमच्या मुलांना मी हे सांगितलं, तेव्हा त्याच सातवीतल्या मुलानं विचारलं, "म्हणजे माझ्या आजीच्या नावाचंबी पाणी?" हो, आजीच्या नावाचंही.

आता काय करायचं ते थोडक्यात. परदेशातल्या शाळेशी जोडणं सगळ्यांना जमेल असं नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. शेजारच्या शहरातली एक शाळा पुरे. पण जोडा, कारण आपलं रोजचं झालेलं दुसऱ्याच्या प्रश्नानं दिसायला लागतं. 'भाऊ कुठे आहे' हा प्रश्न मी दहा वर्षांत त्या वर्गात विचारला नव्हता. हिशेब मुलग्यांकडूनही करून घ्या, आणि आपल्याच घरचा. माणशी अठरा लिटरवर राहणाऱ्या मुलीला पाणी जपून वापरायचे धडे देऊ नका, ती तुमच्यापेक्षा जास्त जपून वापरते. मुलांनी भरलेले कागद शाळेच्या कपाटात पडू देऊ नका. महिला ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. आणि अशा कामाची वेळ ठरवताना आधी विचारा, या आठवड्यात लाईट कधीची आहे? मी ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती मुलगी त्या दिवशी पडद्यासमोर असती.

नवीन वर्षाचं काम जूनमध्ये सुरू करायचं आहे. ती आता नववीत जाईल. तिचं नाव शाळेच्या पटावर राहतंय ना, याकडे माझं पहिलं लक्ष आहे. तुम्हीही आपापल्या गावातली अशी एक वही शोधा आणि पुढच्या शिबिराला घेऊन या.