जामीन आणि कच्चा कैदी



आम्ही मास्तर माणूस. गावातली माणसे आमच्याकडे कोर्टाचे कागद वाचून घ्यायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "मास्तर, आमचा माणूस सुटणार कधी?" आज त्याविषयीच बोलू.

तुरुंगात गेला तो गुन्हेगार, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत साधारण तीन कच्चे कैदी असतात. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही. त्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही. कायद्याने तो अजून निर्दोषच आहे.

मग तो आत का? पुष्कळदा जामिनावाचून. जामीन म्हणजे, "बोलवाल तेव्हा कोर्टात हजर राहीन," अशी हमी. ज्याच्याकडे सात-बारा आहे, ओळखी आहेत, त्याला जामीनदार मिळतो. मोलमजुरी करणाऱ्याच्या मागे कोण उभे राहणार? मग आळ एकच. पण पैसेवाला घरी, नि गरीब गजांआड. इकडे घरात चूल पेटत नाही.

1979 साली बिहारमधल्या कैद्यांची हकीगत सुप्रीम कोर्टापुढे आली. हुसैनारा खातून खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. काही कैदी तर गुन्ह्याच्या पुऱ्या शिक्षेहूनही जास्त वर्षे खटल्यावाचून आत होते! गुन्हा शाबीत झाला असता, तर ते केव्हाच सुटले असते. खटला लवकर चालणे हा माणसाचा हक्क आहे, असे कोर्टाने तेव्हा सांगितले.

पुढे कायदा हळूहळू बदलला. 2005 साली संसदेने दुरुस्ती केली. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला, की कच्च्या कैद्याला सोडावे, असे ठरले. 2017 साली विधी आयोगाने सुचवले, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना तिसरा हिस्सा पुरे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचे कलम 479 सांगते : ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही, त्याला तिसरा हिस्सा भरताच मुचलक्यावर सोडायचे. इतरांना निम्मा काळ. त्यासाठी तुरुंगाच्या अधीक्षकाने कोर्टाकडे लेखी अर्ज करायचा.

हिशेब करून बघा. एका मजुरावर विहिरीवरचा पंप चोरल्याचा आळ आला. पूर्वी शिक्षा नाही, दुसरा खटला नाही. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा. तिचा तिसरा हिस्सा एक वर्ष. वर्ष भरले, की अर्ज कोर्टापुढे गेलाच पाहिजे.

ही सवलत सर्वांना नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ती लागू नाही. एकाहून जास्त खटले चालू असले, तरी मिळत नाही.

कोणी म्हणेल, "चोराला सोडायचे काय?" अहो, जामीन म्हणजे माफी नव्हे. खटला चालूच राहतो. गुन्हा शाबीत झाला, तर शिक्षा भोगावीच लागते.

कायदा झाला, पण दिवस मोजणार कोण? अधीक्षकाने मोजायचे खरे. पण एवढ्या गर्दीत एखादा राहून जातो. आता तुम्हाला वाचता येते. आपल्या वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : अटकेची तारीख, कलमाचा आकडा आणि खटल्याचा नंबर. त्या घेऊन तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. फोन करायचा तर नंबर 15100. जामिनाची रक्कम भरता येत नसेल, तर 2023 पासून गरीब कैद्यांसाठी सरकारची मदतीची योजना आहे. तिचीही तिथेच चौकशी करा.

शेजाऱ्याला वाचता येत नसेल, तर त्याचा कागद तुम्ही वाचून दाखवा. त्याच्या माणसाचे दिवसही मोजा.