मोजण्यापूर्वी माप ठरवावे



हाती घेतलेल्या कार्याची प्रगती आता संगणकावरील प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीत नोंदविता येते. ‘वाचन-उपक्रम : ७० टक्के पूर्ण’ असा आकडा पडद्यावर उमटतो, परंतु हे ७० टक्के कशाचे? झालेल्या तासांचे, शिकविलेल्या पाठांचे, की वाचू लागलेल्या मुलांचे? माप निश्चित नसेल, तर आकडा मुकाच राहतो.

चुकीच्या मापाने केवढा अनर्थ होतो, याची साक्ष इंग्लंडचा इतिहास देतो. १८६२ च्या नियमावलीने तेथील प्राथमिक शाळांचे अनुदान हजेरीशी आणि वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षेशी बांधले. परिणामी कित्येक मुले नेमलेले पुस्तक घडाघडा म्हणत, परंतु दुसरे पुस्तक त्यांना वाचता येत नसे. कवी व शाळा-निरीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. १८९० नंतर ती क्रमशः मोडीत निघाली.

म्हणून काय मोजावयाचे, कोणी व केव्हा मोजावयाचे आणि त्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा, हे आधी लिहून ठेवावे. ‘पूर्वी न पाहिलेला उतारा समजून वाचणारी मुले, पटावरील मुलांपैकी किती’ हे माप स्पष्ट होय. येथे पट धरावा, त्या दिवसाची हजेरी नव्हे. एरवी गैरहजर मूल हिशेबातूनच निसटते. ज्या आकड्याने उद्याचा पाठ बदलणार नाही, त्याचा रकाना ठेवू नये.

आकडा शाळेच्या गौरवासाठी नसून, मागे राहिलेल्या मुलापर्यंत पोहोचण्यासाठी असतो.