केसरीवाडा: एका वृत्तपत्राची वास्तू

पुण्याच्या नारायण पेठेत, रमणबागेजवळ, 568 क्रमांकावर केसरीवाडा उभा आहे. मुळात हा बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा. लोकमान्य टिळकांनी तो 1905 मध्ये सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला, तरी पुढे अनेक वर्षे त्याची ओळख गायकवाड वाडा अशीच राहिली. टिळकांचे राहते घर, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांची कचेरी व छापखाना आणि सार्वजनिक सभांची जागा, अशी तिन्ही कामे या एकाच आवारात चालत.

वाड्यात येण्यापूर्वी या पत्रांनी जवळपास पाव शतक पाहिले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर आणि टिळक यांनी जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. वर्षभराने याच मंडळींकडून, 2 जानेवारी 1881 रोजी इंग्रजी ‘मराठा’ आणि 4 जानेवारीला मराठी ‘केसरी’ निघाला. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवरील मजकुरामुळे अब्रुनुकसानीचा खटला होऊन 1882 मध्ये आगरकर आणि टिळक यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या वादातून आगरकर बाहेर पडले. 1887 मध्ये संपादकपद टिळकांकडे आले आणि पुढच्या वर्षी आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केला. 1897 मध्ये ‘केसरी’तील लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाखाली 18 महिन्यांची शिक्षा झाली.

वाडा घेतला ते वर्ष वंगभंगाचे. स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पुण्यातही जोरात होती. 7 ऑक्टोबर 1905 रोजी सावरकरांच्या पुढाकाराने शहरात परदेशी कपड्यांची होळी झाली आणि टिळकांनी तेथे भाषण केले. पूर्वी विंचूरकर वाड्यात बसणारा टिळकांचा सार्वजनिक गणपतीही त्याच वर्षी नव्या वाड्यात आला.

एप्रिल 1908 मध्ये मुजफ्फरपूरला बाँब फुटला. या बाँबमागची कारणे सरकारी दडपशाहीत आहेत, अशी मांडणी ‘केसरी’च्या मे-जूनमधील अग्रलेखांनी केली. 24 जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि पुण्यातील वाड्याची झडती घेण्यात आली. स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड तेथे सापडले, ते सरकारने न्यायालयात पुरावा म्हणून पुढे केले. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि 22 जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा व 1000 रुपये दंड सुनावला. निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

ही शिक्षा टिळकांनी ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात भोगली. ‘गीतारहस्य’ त्यांनी तेथेच पेन्सिलीने लिहून काढले. ते तुरुंगात असतानाच, 1912 मध्ये, पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. या काळात ‘केसरी’ची धुरा कृ. प्र. खाडिलकर आणि न. चिं. केळकर यांनी वाहिली. पेठेतील एक मुख्य रस्ता आज केळकरांच्या नावाने ओळखला जातो. जून 1914 मध्ये टिळक वाड्यात परतले. पुढच्या वर्षी ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले आणि 1916 मध्ये होमरूल लीग स्थापन झाली. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांचे निधन झाले, पण वाड्यातून पत्र निघतच राहिले.

आजच्या वाड्यातील संग्रहालयात टिळकांच्या वापरातील वस्तू आणि कागदपत्रे आहेत. मादाम कामा यांनी 22 ऑगस्ट 1907 रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकवलेला ध्वजही येथे जपलेला आहे. इंदुलाल याज्ञिक यांनी तो ब्रिटिशांची नजर चुकवून भारतात आणला. त्याच्या हिरव्या पट्ट्यावर आठ कमळे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ आणि तांबड्या पट्ट्यावर चंद्र-सूर्य आहेत. आजच्या तिरंग्याआधी भारताच्या ध्वजाची जी रूपे पुढे आली, त्यांतले हे एक महत्त्वाचे रूप.

पुण्याच्या मानाच्या गणपतींत केसरीवाड्याचा गणपती पाचवा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम आणि तुळशीबाग यांच्यानंतर अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्याची पालखी निघते. उत्सवाच्या दिवसांत वाड्याचे आवार भाविकांनी गजबजलेले असते. वास्तू आणि संग्रहालय निवांतपणे पाहायचे असेल, तर हे दिवस टाळून गेलेले सोयीचे.