संपाचा हक्क आणि 1938 चे काळे बिल

सप्टेंबर 1938 मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत औद्योगिक कलहांचे विधेयक आले. बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर येऊन तेव्हा सव्वा वर्षही झाले नव्हते. कामगारविषयक काम गुलझारीलाल नंदा संसदीय सचिव म्हणून पाहत होते. विधेयकाची भाषा सर्व उद्योगांना लागू पडणारी होती, पण रोख कोणाकडे आहे हे एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर, म्हणजे आजच्या प्रभादेवीला, उतरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नव्हते. एल्फिन्स्टन, स्टँडर्ड, सेंच्युरी अशा गिरण्यांचे भोंगे या भागाचे घड्याळ होते.

विधेयकात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, पगार किंवा कामाच्या अटी बदलायच्या असतील तर आधी नोटीस, मग सक्तीची समेटाची बोलणी, आणि ती पुरी होईपर्यंत संप बेकायदा. दुसरी, असा संप केला किंवा करायला लावला तर शिक्षा. तिसरी गोष्ट वरवर निरुपद्रवी दिसत होती: कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, हे संघटनेच्या नोंदणीवरून ठरणार होते. मालकाची मान्यता असलेल्या संघटनेला नोंदणी सोपी आणि मान्यता नसलेल्या संघटनेला सभासदसंख्येची अट जड होती.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. 1928 चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला होता. त्या काळात वाण्याची उधारी थकली, खाणावळवाल्या बायकांनी पदरचे धान्य शिजवून माणसे जगवली, कित्येक कुटुंबे बिऱ्हाड मोडून कोकणात आणि घाटावर परतली. असे पुन्हा होऊ नये, तंटा टेबलावर मिटावा, हा हेतू समजण्यासारखा होता. शिवाय याच मंत्रिमंडळाने नेमलेल्या चौकशी समितीच्या शिफारशीवरून गिरणी कामगारांच्या पगारात थोडी वाढही झाली होती.

तरीही कामगारांचा हिशेब वेगळा होता. संपाचे बळ वेळेवर अवलंबून असते. बाजारात कापडाला उठाव असताना साचे थांबले तर मालक बोलायला येतो. बोलण्यांत महिन्यांमागून महिने गेले तर तोवर गोदाम भरते, मागणी ओसरते, पुढारी माणसे हेरून कामावरून कमी करता येतात. वाट पाहण्याची किंमत दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही, आणि कायदा मात्र दोघांना एकाच मापाने मोजत होता. म्हणून गिरणगावात त्याला ‘काळे बिल’ म्हणू लागले.

हे सभागृह निवडणाऱ्या 1937 च्या निवडणुकीत मताचा अधिकार कर, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींवर होता. कामगारांसाठी काही राखीव मतदारसंघ असले तरी चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा जण मिळून राहणाऱ्या बहुतेकांना मत नव्हते. कायदा त्यांच्यासाठी होत होता, पण तो करणाऱ्यांना निवडून देण्यात त्यांचा हात नव्हता. त्यांची बाजू सभागृहात मांडली ती मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने. जमनादास मेहताही विरोधात होते.

15 सप्टेंबर 1938 रोजी आंबेडकरांनी केलेले भाषण या वादाचा गाभा आहे. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, आणि कराराच्या भंगाची दाद दिवाणी कायद्यात मागायची असते. त्याला फौजदारी गुन्हा ठरवून तुरुंग दाखवणे म्हणजे माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेणे, आणि त्याचे नाव गुलामी, असा त्यांचा युक्तिवाद होता. संपाचा हक्क त्यांनी स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पक्षाच्या सरकारला हे ऐकवणे बोचरे होते, आणि ते तसेच असावे असा त्यांचा इरादा असणार.

रस्त्यावरची जुळवाजुळव त्याहून अवघड होती. गिरण्यांत साचेखात्याचा, म्हणजे विणकामाचा, पगार चांगला, पण तिथे दलितांना प्रवेश नव्हता. धाग्याला तोंड लावावे लागते, त्यामुळे विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनने हा भेद पुरेसा जोर लावून मोडला नाही, ही आंबेडकरांची जुनी तक्रार होती आणि 1928-29 च्या संपांत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या होत्या. आता त्या एकत्र आल्या. याची तयारी त्याच वर्षी झाली होती: 10 जानेवारी 1938 रोजी खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी पद्धत, रद्द करण्याच्या मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, तेव्हा कम्युनिस्ट कार्यकर्तेही सोबत होते. रत्नागिरीचे कूळ आणि परळचा साचेवाला पुष्कळदा एकाच घरातले दोन भाऊ असत, हे विसरून चालत नाही.

7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला. गिरण्या मोठ्या प्रमाणावर बंद राहिल्या, काही ठिकाणी दगडफेक आणि पोलिसांचा गोळीबार झाला. संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे एका व्यासपीठावर उभे राहिले. विधेयक मात्र बहुमताने मंजूर झाले आणि 1938 चा मुंबई औद्योगिक कलह अधिनियम अस्तित्वात आला. खोतीची मागणी 1949 च्या निर्मूलन अधिनियमाने मान्य झाली; संपाच्या बाबतीत गाडे उलट दिशेने गेले.

1946 मध्ये, पुन्हा नंदांच्याच पुढाकाराने, मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम आला. कामगार त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीआयआर’ म्हणत. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना आणि करार करण्याचा अधिकार फक्त तिला, ही त्याची चौकट. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. 1938 मध्ये बारीक अक्षरात आलेला ‘बोलायचे कोणी’ हा मुद्दा आता मुख्य झाला. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संप करून कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, तेव्हा पगारवाढीबरोबरच बीआयआर कायदा रद्द करा ही मागणी होती. कारण कामगार ज्यांना पुढारी मानत होते त्यांच्याशी बोलण्याचे बंधन मालकांवर नव्हते, आणि ज्यांच्याशी मालक बोलू शकत होते त्यांचे कामगार ऐकत नव्हते. त्या संपाच्या अपयशाची इतर कारणेही आहेत, पण ही कोंडी कायद्यानेच घातलेली होती. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. एल्फिन्स्टन मिलच्या जागेवर पुढे इंडियाबुल्सचे मनोरे उभे राहिले.

गिरण्यांबाहेरच्या उद्योगांसाठी महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात संघटनेच्या मान्यतेला किमान 30 टक्के सभासदांची अट घातली. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्ये मंजूर होऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळण्यास 51 टक्के पाठिंबा लागतो, प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान 14 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे आणि बेकायदा संपाला दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यांना नियम करता येतात. अशा नियमांचे मसुदे राजपत्रात हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध होतात आणि त्या ठरावीक मुदतीत लेखी स्वरूपात द्याव्या लागतात.