आधी बदल, मग बाप्तिस्मा

कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने बायबल दिलं. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचं मन जिंकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना वाट सापडली, पण घरात आकांत उडाला आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या.

मला लक्ष्मीबाईंचा बदल अधिक बोलका वाटतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाई नवऱ्याकडे परतल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळूनच. पुढे विचार करता करता त्यांना पटलं, की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलाय. विटाळ सुटला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली!

टिळकांचा तापट स्वभाव मात्र धर्मांतराने काही गेला नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी तो मिश्कीलपणे रंगवलाय. पण याच माणसाने १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.