भिंत आधी वहीत बांधा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत भिवापूर तालुक्यातल्या एका गटाच्या लेखापाल ताईंनी सांगितलेला अनुभव. बांधकाम काढणाऱ्या सगळ्याच गटांना उपयोगी पडेल म्हणून त्यांचं बोलणं इथे देत आहोत.)



मी काही इंजिनीअर नाही. माझं शिक्षण दहावी. गटाची वही लिहिते, तेवढंच. पण गेल्या वर्षी आमच्या गटाची एक भिंत माझ्या चुकीमुळे अर्धवट राहिली, आणि त्या चुकीनं मला जे शिकवलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमचं काम मिरचीचं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही मिरची वाळवतो, डेठ काढतो, कांडून विकतो. एक खोली आहे आणि तिच्यापुढे अंगण. अंगणाला भिंत नव्हती. ताडपत्रीवर मिरची टाकली की एका बाईला दिवसभर काठी घेऊन बसावं लागे. म्हणून ठरलं, तीन बाजूंनी सिमेंट ब्लॉकची भिंत घालायची आणि समोर गेट लावायचं. पैसे गटाच्या बचतीतून आणि ग्रामसंघाच्या कर्जातून.

मिस्त्रीभाऊ आले, पावलं टाकून गेले आणि म्हणाले, "साडेचारशे ब्लॉक आणा ताई, होऊन जाते." मीही वहीत मांडून पाहिलं. भिंतीची लांबी घेतली, उंची घेतली, ब्लॉक काढले. साडेचारशेच आले. मला वाटलं, बरोबर आहे.

काम सुरू झालं. आठवडाभरात ब्लॉक संपले आणि भिंत माझ्या कमरेएवढी. असं कसं झालं? मिस्त्रीभाऊंनी जमिनीकडे बोट दाखवलं. तीन थर खाली गेले होते, पायात. मी मोजली होती ती डोळ्यांना दिसणारी भिंत. जमिनीखालची भिंत माझ्या वहीत नव्हतीच.

चाळीस इंचांची भिंत बकरीला काय अडवणार? ऐन हंगामात बकऱ्या उड्या मारून आत आल्या, दोन पोती मिरची तुडवून गेल्या. उरलेले ब्लॉक आणायला गाडीभाडं पूर्ण गाडीचं पडलं. पुन्हा कर्ज घ्यावं लागलं. आणि सगळ्यात वाईट हे, की एका मावशीचा कर्जाचा नंबर लागला होता, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी. तो तीन महिने मागे गेला. मावशी काही बोलल्या नाहीत. पण सभेत त्यांच्याकडे बघायला मला जड जात होतं.

म्हणून आता हिशोब कसा करायचा ते सांगते. वही-पेन काढा.

पहिलं काम: टेप घ्या

पावलांनी मोजू नका. टेप धरा, दोघीजणी मिळून मोजा. आमच्या अंगणाच्या दोन बाजू ३२-३२ फूट आणि समोरची २४ फूट. एकूण ८८ फूट. त्यातून ८ फुटांचं गेट वजा केलं, राहिले ८० फूट.

६ इंच जाडीची एवढी लांब भिंत नुसती उभी राहत नाही. वारा-वावधानात ढकलली जाते. दर दहा फुटांच्या आसपास खांब लागतो. आमचे १० खांब, प्रत्येक ९ इंच रुंद. म्हणजे साडेसात फूट खांबांनी खाल्ले. ब्लॉकसाठी राहिले साडेबहात्तर. वरचा अर्धा फूट तुकड्यांत जातो, म्हणून ७२ धरा.

दुसरं: ब्लॉक थरांनी मोजा

आपल्याकडे मिळणारा ६ इंची ब्लॉक दर्जासहित १६ इंच लांब आणि ८ इंच उंच भरतो. ७२ फूट म्हणजे ८६४ इंच. त्याला १६ नी भागा. एका थरात ५४ ब्लॉक.

आता उंची. ५ फूट म्हणाल तर साडेसात थर होतात, आणि अर्धा थर म्हणजे ब्लॉक तोडा, वाया घालवा. त्यापेक्षा ५ फूट ४ इंच ठेवा. बरोबर ८ थर. उंची नेहमी आठाच्या पटीत ठरवा.

वर ८ थर, खाली ३ थर, एकूण ११. ५४ गुणिले ११ म्हणजे ५९४. फुटतूट शंभराला पाच धरा, ३० ब्लॉक. एकूण ६२४. मी आणले होते ४५०.

घाईत अंदाज काढायचा असेल तर एवढं पाठ ठेवा: १०० चौरस फूट भिंतीला ११३ ब्लॉक. पण चौरस फूट काढताना पाया धरून काढा.

तिसरं: पाया

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर भिंत ठेवली की दोन वर्षांत तडा. आधी एका कोपऱ्यात खड्डा खणून बघा, मुरूम कितीवर लागतो ते. आमच्याकडे दोन फुटांच्या थोडं खाली लागला, म्हणून नाली २ फूट ४ इंच खोल आणि दीड फूट रुंद खणली. तुमच्याकडे माती जास्त खोल असेल तर थर वाढतील, खर्चही वाढेल. तेव्हा इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरकुलाची कामं बघणारे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता पंचायत समितीत असतात, त्यांना विचारायला लाजू नका.

नालीच्या तळाला ४ इंच काँक्रीटचा बेड. ८० फूट लांब, दीड फूट रुंद, ४ इंच जाड, म्हणजे ४० घनफूट. एक भाग सिमेंट, चार रेती, आठ गिट्टी या मापानं सिमेंट ४ बॅग, रेती १९ घनफूट, गिट्टी ३८ घनफूट.

चौथं: जोडाई, खांब आणि वरची पट्टी

जोडाईचा माल एकास सहा. १०० चौरस फुटाला साधारण १ बॅग सिमेंट आणि साडेसात घनफूट रेती लागते. आमची भिंत पायासकट ५२८ चौरस फूट. म्हणून ६ बॅग आणि ४० घनफूट रेती.

खांबाचं सोपं आहे. ९ बाय ९ इंचाच्या, पायापासून वरपर्यंत पावणेआठ फुटांच्या एका खांबाला जवळपास १ बॅग सिमेंट आणि १० मिलिमीटरची ४० फुटी एक सळई. रिंगांसाठी दोन-अडीच किलो लोखंड वेगळं. १० खांबांना १० बॅग, १८ घनफूट रेती, ३६ घनफूट गिट्टी आणि सगळं मिळून सुमारे १०० किलो लोखंड.

भिंतीच्या डोक्यावर दोन इंचांची काँक्रीट पट्टी घाला, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीत मुरतं. तिला २ बॅग, ३ घनफूट रेती, ६ घनफूट गिट्टी.

आता बेरीज करा. सिमेंट २२ बॅग. रेती ८० घनफूट. गिट्टी ८० घनफूट. सांडलवंड धरून रेती एक ब्रास आणि गिट्टी एक ब्रास.

पाचवं: पैसे

खाली मी दर धरले आहेत ते फक्त हिशोब समजावा म्हणून. तुमच्या गावाचे दर तुम्ही विचारून भरा.

ब्लॉक ६२४, दर ४० रुपये: २४,९६०
सिमेंट २२ बॅग, दर ३८० रुपये: ८,३६०
रेती १ ब्रास: ६,०००
गिट्टी १ ब्रास: ४,०००
लोखंड १०० किलो, दर ७० रुपये: ७,०००
मिस्त्री ११ दिवस, रोज ८०० रुपये: ८,८००
दोन रेजा ११ दिवस, रोज ४५० रुपये: ९,९००
वाहतूक: ४,०००
बेरीज: ७३,०२०
अडीअडचणीला शंभराला पाच: ३,६५१

म्हणजे ७७ हजार हाताशी असल्याशिवाय नारळ फोडू नका. गेट आणि प्लास्टर यात नाही, तो हिशोब वेगळा. मी पहिल्यांदा वहीत ५० हजार लिहिले होते. तेव्हाच ७७ लिहिले असते तर आम्ही एक तर थांबलो असतो, नाहीतर एकच बाजू पूर्ण बांधली असती. मावशीचा नंबर तरी मागे गेला नसता.

रेजाच्या ओळीकडे नीट बघा. आमच्याकडे रेजा कोण होत्या? आम्हीच. माल कालवला, ब्लॉक उचलले, पाणी मारलं. माझ्या पहिल्या वहीत ही ओळ नव्हती. घरचंच काम, त्याचे कसले पैसे, असं वाटलं. पण जी बाई ११ दिवस आली तिची तेवढ्या दिवसांची बाहेरची मजुरी बुडाली. आणि जी आली नाही तिचाही भिंतीवर सारखाच हक्क. मग कुरबूर होणारच. आता आम्ही हजेरी लिहितो. पैसे दिले नाहीत तरी श्रमदान म्हणून रक्कम वहीत दाखवतो. पाया जसा दिसत नाही तशी आपली मेहनतही दिसत नाही. वहीत लिहिली तरच दिसते.

माल उतरवताना

तीन ठिकाणचे भाव लेखी घ्या. "पोच की दुकानावर?" हे आधी विचारा. स्वस्त ब्लॉक भाडं धरून महाग पडू शकतो.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्या जिल्ह्यात विटा आणि ब्लॉक बनवायला वापरतात. राखेचा असो की चुरीचा, ब्लॉक २८ दिवसांचा तरी जुना मागा. एकावर एक ठोकून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. कोपरा नखानं झडत असेल तर परत करा.

ब्लॉक उतरताना एका ताईनं मोजायचं, दुसरीनं लिहायचं, मगच पावतीवर सही. ट्रॉलीतली रेती टेपनं मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १००. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली ९० घनफूट होते, ब्रास नाही. रेतीची रॉयल्टी पावती मागून घ्या.

आणि बांधून झालं की निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. आपल्या उन्हाळ्यात दहा दिवस. पाणी चुकवलं तर महागाचं सिमेंटही कच्चंच राहतं.

शेवटचं

कोणी म्हणेल, हे पुरुषांचं काम, मिस्त्रीला कळतं. कळतं ना. पण कर्जाचा हप्ता मिस्त्री भरत नाही, आपण भरतो. आमचे मिस्त्रीभाऊ वाईट नव्हते. मीच विचारलं नव्हतं, "भाऊ, साडेचारशेत पाया धरला का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर सगळं वाचलं असतं.

घरकुलाची भिंत असो, संडासाची असो, गोठ्याची असो, हिशोब हाच. घरकुलाचे पैसे तर हप्त्या-हप्त्यानं येतात. पायातच पहिला हप्ता संपला आणि पुढचं बांधकाम दिसलं नाही, की पुढचा हप्ता अडतो. कितीतरी घरं जोत्यावर थांबलेली तुम्ही पाहिली असतील.

आमची भिंत आता पूर्ण आहे. आठही थर. मिरची वाळत असते आणि काठी घेऊन बसणारी बाई आता डेठ खुडते. मावशीच्या मुलीची फी उशिरा का होईना भरली गेली.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटानं आपल्या गावातली एक भिंत टेपनं मोजून आणा. कोणतीही चालेल. तिच्यात किती ब्लॉक गेले असतील ते वहीत काढून आणा. आणि जमिनीखालचे थर धरायला विसरू नका.