आजीचे ऋण



विवाहप्रसंगीचे कुलाचार स्त्रियांकडून जाणून घ्यावेत, असे आपस्तंब गृह्यसूत्रात सांगितले आहे. सूत्रकारांनीही घरातील वृद्धेचा अधिकार मानला, हे ध्यानी घ्यावे.

गोमंतकात या अधिकाराची कसोटी लागली. १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यात आले. कित्येक कुटुंबे घरदार सोडून परमुलखी गेली. तेथेही कुलदेवतेचे नाव, व्रताची तिथी आणि नैवेद्याची रीत आजीच्या मुखातून नातवंडांस लाभली.

दागिने आजीच्या पश्चातही वाटून घेता येतात; ही विद्या मात्र ती हयात असतानाच विचारून घ्यावी लागते. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी तिच्यापाशी बसावे. ज्यांची आजी निवर्तली, त्यांनी तिची रीत पुढील पिढीस शिकवावी. त्यानेच हे ऋण फिटेल.